बासरीला खुंटी नसते

बँडची तालीम नळांच्या दुकानामागच्या गोदामात चाले, कारण गोदामाची किल्ली गिटारवाल्याच्या कमरेला असे. त्या दुकानात मालाचा हिशेब ठेवायची त्याची नोकरीच होती. वॉशर किती, नळाचे कोपरे किती, सगळं तोंडपाठ. माणसांचीही तो तशीच मोजदाद ठेवी: चौघांचा बँड, एकोणीस वर्षं, बुवांचे रुसवे दोनशेच्या वर, स्वतःचा एकही नाही. आपणच रुसून बसलो तर तारा कोण लावणार?

बुवा म्हणजे गायक. रॉकच्या ठेक्यात आलाप घालतो म्हणून कॉलेजात पडलेलं हे नाव टक्कल पडलं तरी सुटलं नव्हतं. व्हायोलिनवर त्यांची बायको, म्हणजे वहिनी. चौथा एका लाकडी खोक्यावर बसे आणि तोच बडवे.

गेल्या आठवड्यात वहिनी न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. कार्यक्रम उद्यावर आलेला. गिटारवाल्याने एका बासरीवाल्या बाईंना फोन केला आणि वहीत होती ती गाण्याची पट्टी सांगितली: काळी दोन. इथेच त्याने माती खाल्ली.

वहीत काळी दोन खरी, पण गिटार आठ वर्षांपूर्वीच अर्ध्या सुराने उतरली होती आणि दोन वर्षांपूर्वी आणखी अर्ध्याने. बुवांचा आवाज वर पोचेना, तेव्हा वहिनीच म्हणाल्या होत्या, "भावजी, त्यांना न सांगता जरा खाली घ्या." गिटार, व्हायोलिन, तंबोऱ्याचं यंत्र, सगळं गुपचूप खाली आलं. बुवांचा कान तिखट, पण तंबोरा दाखवेल तो त्यांचा सा. तिथून पुढे केसाएवढं बेसूर खपायचं नाही. मजलाच खाली सरकलाय हे मात्र कळलं नाही.

तालमीत बाईंनी पहिली फुंकर मारली आणि सगळ्यांचे दात आंबले.

"बाई, बासरी चढलीय तुमची," बुवा म्हणाले. "जरा उतरवा."

"बासरीला खुंटी नसते," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचंच उतरलंय. चांगलं एक सूर."

खोकेवाल्याने खोक्यावरची नसलेली धूळ पुसली. वहिनी प्लॅस्टरकडे बघत बसल्या.

"चढव रे," बुवा म्हणाले.

गिटारवाल्याने खुंट्या पिळल्या, तंबोऱ्याचं यंत्रही वर चढवलं. नेहमीचं पहिलं गाणं सुरू झालं. अंतऱ्यात बुवा वर गेले आणि पंचमाच्या अलीकडेच आवाज फाटला. त्यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, मग नळांच्या पेटीवर बसले.

"कधीपासून?"

"आठ वर्षं," गिटारवाला म्हणाला.

"आणि हिला ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं भावजींना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही घरी आठवडाभर जेवला नसता. आणि स्वयंपाक टाकून द्यायचं माझ्या जिवावर येतं."

"म्हणजे मी एकटाच येडा."

"एकटा कसा?" खोकेवाला म्हणाला. "टाळ्या वाजवणारे होतेच की."

बुवांना हसू आलं नाही, पण रागही आला नाही. गिटारवाला दोनशे कितव्या रुसव्याची वाट बघत होता. तो आला नाही, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपले खांदे किती दुखताहेत. आठ वर्षं बुवा खोलीत शिरायच्या आत तो येऊन तारा लावत होता.

"बाई," बुवा म्हणाले, "लांब, खालच्या सुराची बासरी आहे? काळी एकची?"

बाईंनी पिशवीतून काढली.

बुवांनी ती पाहिली, हातानेच नको म्हटलं.

"तिच्याखालची?"

"पांढरी एक आहे. पण तुम्ही आत्तापर्यंत तर काळी एकवर..."

"गात होतो. घसा रोज सोलून निघायचा. मला वाटायचं, सर्दी आहे."

"दोन वर्षांची?" वहिनींनी विचारलं.

"विचारलंस का कधी?"

गिटारवाल्याने गिटार मांडीवर घेतली. बुवा समोरच बसले होते, बघत. त्याने पहिली तार सैल केली.

"सावकाश," बुवा म्हणाले. "मला ऐकू दे."