दोर सैल केलेत?

रावटीच्या कडेला बसवलेल्या पितळी कड्या बाहेरून हिरव्या पडल्या होत्या. आतून मात्र, जिथं दोर घासायचा तिथं, झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. दमयंतीनं एका कडीतून करंगळी फिरवली. झीज सगळीकडे सारखी नव्हती. दोर ज्या अंगाला ताण देत असे, त्या अंगाला कडी पातळ होती, आणि उलट्या अंगाला जवळजवळ नवी.

"टाकून द्यायची का गं ही?" स्टुलावर उभ्या हरिश्चंद्रनं माळ्यातून विचारलं. त्याच्या केसांना जळमटं लागली होती.

"थांबा जरा," ती म्हणाली.

अलोऱ्याच्या वसाहतीतलं हे घर मे महिन्यात सोडायचं होतं. हरिश्चंद्र पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर. एप्रिलअखेर निवृत्त होणार, आणि क्वार्टर पुढच्या माणसाला मिळणार. मुलगा लवू डोंबिवलीला होता. त्यानं आईवडिलांसाठी एक खोली रिकामी ठेवली होती, तिला रंगही दिला होता. दुसरीकडे गुहागरच्या अलीकडे, कातळी सड्याच्या उतारावर, त्यांचा एक जमिनीचा तुकडा होता. शेजारचे करीमभाई तो घ्यायला तयार होते, आपल्या कलमांच्या बागेला लागून आहे म्हणून. लवूकडे जायचं तर जमीन विकायची, जमीन ठेवायची तर तिथं घर बांधायचं. दोन्हींतलं एकच जमणार होतं.

"तू म्हणशील तसं," हरिश्चंद्र दोन वर्षं म्हणत आला होता.

"बघू," दमयंती दोन वर्षं म्हणत आली होती.

खरं म्हणजे बघायचं काही उरलं नव्हतं. तिला डोंबिवलीला जायचं नव्हतं. पण लवू गुणी, सून मनमिळाऊ, नातू गोड. भांडण असतं तर निदान सांगायला कारण असतं. काही कारण नसताना एखाद्या आईनं मुलाकडे राहायला यायचं नाही म्हणावं, हे तिच्या जिभेवर येऊन परत जाई. शिवाय हरिश्चंद्रला नातवाचा लळा. त्याला तिकडंच जायचं असणार, आणि माझ्यासाठी थांबलाय, असं तिनं गृहीत धरलं होतं.

ह्या सगळ्यात तिची झोप गेली होती. म्हणजे झोप त्याआधीपासूनच बेताची होती, पण आता पारच गेली. दमयंती वसाहतीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना सांगायची. झोपेवरही तिनं तसंच करून पाहिलं होतं. आधी संध्याकाळचा चहा सोडला. मग उशी बदलली. मग खाट खिडकीपासून हलवली. कशानं काही फरक पडला नाही. लवूकडे गेली तरी तेच. पहाटे दूधवाल्याच्या बाटल्या वाजेपर्यंत ती छताकडे बघत पडायची.

आणि एके काळी ह्याच रावटीत ती मेल्यासारखी झोपत असे.

लग्न झालं तेव्हा वसाहत नव्हती, घरं नव्हती. मोजणीच्या टोळीबरोबर डोंगरात मुक्काम. बी.एस्सी. झालेली मुलगी रानात नेतोय म्हणून तिच्या वडिलांनी हरिश्चंद्रशी वर्षभर धड बोलणं टाकलं होतं. पण ती तिथं पहिल्याच आठवड्यात झोपायला शिकली. जमीन आधी हातानं चाचपायची, खडा न् खडा वेचायचा. पेंढा पसरायचा, त्यावर घोंगडी. कमरेखालचा पेंढा थोडा बाजूला सारून खळगा करायचा, म्हणजे कूस टेकते. डोकं चढाकडे. आणि सगळ्यात शेवटी दोर. सुती दोर दवानं भिजला की आखडतो. संध्याकाळी तंग ठेवला तर पहाटेपर्यंत खुंटी उपटून काढतो. म्हणून निजायच्या आधी सगळे दोर बोटभर सैल करायचे.

"दोर सैल केलेत?" ती आतून विचारायची.

"केले," तो म्हणायचा, आणि कंदील बारीक व्हायचा.

पुढं सिमेंटची घरं झाली, जुन्या रावट्या लिलावात निघाल्या, ही एक त्यानं घेऊन ठेवली. वाक्य मात्र घरात राहिलं. लवू लहानपणी परीक्षेच्या आदल्या रात्री जागत बसला की हरिश्चंद्र म्हणायचा, "बाबा रे, दोर सैल कर आता."

"नाही टाकायची," दमयंती कडीवरचं बोट काढत म्हणाली. "रविवारी जमिनीवर नेऊ. एक रात्र राहू. मग करीमभाईंना काय ते सांगू. किती दिवस त्यांना लटकत ठेवायचं?"

हरिश्चंद्र स्टुलावरून उतरला. "ह्या वयात? तुझी पाठ?"

"पाठीचं पाठ बघेल."

फेब्रुवारीतला रविवार होता. एस.टी.च्या टपावरून रावटी उतरवली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "काय काका, सर्कस का?" करीमभाई बैलगाडी घेऊन फाट्यावर आले होते. बरीच वर्षं कुवेतला काढून परतलेले, पोट सुटलेले, हसरे. जमिनीवर त्यांची बायको मासूमा पेंढ्याच्या बांधलेल्या दोन गुंड्या घेऊन उभीच होती.

"भाभी, आमच्या घरात दोन खाटा रिकाम्या आहेत," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "लोक आले नि तुम्हाला असं उघड्यावर पाहिलंनी तर म्हणतील, मासूमानं पाहुण्यांना घरात घेतलंन नाही."

"अगो, साहेबांना म्हातारपणी नवरदेव व्हायचंय," करीमभाई म्हणाले. "तू मध्ये पडू नको."

"अहो, काहीतरीच काय!" दमयंती म्हणाली, पण तिला हसू आलं.

खुंट्या कातळात जाईनात. हरिश्चंद्रनं जांभ्याचे चिरे गोळा केले आणि त्यांना दोर बांधायचं ठरवलं. पण जुने सुती दोर पिशवीतून काढले तर हातात तुटायला लागले. करीमभाईंनी घरून निळा नायलॉनचा दोर आणून दिला. हर्णेच्या एका बोटवाल्याकडून आणलेला, देवमासा बांधला तरी तुटायचा नाही असा. सूर्य समुद्राकडे कलला तेव्हा रावटी उभी राहिली होती, थोडी डावीकडे झुकलेली, पण उभी.

मासूमानं भाकरी नि बांगड्याचं तिखलं पाठवलं होतं. जेवून झालं. खारा वारा पडला. दिवसभर तापलेला कातळ पेंढ्यातून अजून पाठीला ऊब देत होता. दमयंतीनं कमरेखाली खळगा केला. हाताला सगळं आठवत होतं.

"दोर सैल केलेत?" तिनं आतून विचारलं.

"थांब, करतो." बाहेर त्याची पावलं चिऱ्याचिऱ्यापाशी थांबत फिरली. "केले."

आणि कंदील बारीक झाला.

पहाटेच्या आधी केव्हातरी डोंगराकडून मतलई वारा सुटला, आणि काहीतरी थंड, ओलसर, जड असं दमयंतीच्या नाकावर टेकलं. कापड. ती डोळे उघडून तशीच पडून राहिली. मग तिला कळलं, आणि ती हसायलाच लागली.

"काय झालं?" हरिश्चंद्र कापडाखाली चाचपडत म्हणाला. "काय झालं गं? साप?"

"नायलॉन," ती कशीबशी म्हणाली. "अहो, नायलॉन! तो पाणी पीत नाही. तो आखडायचा कसा? दर वर्षी नववीच्या पोरांना शिकवते मी. आणि मीच विचारलं."

"आणि मी केले!" तोही हसायला लागला. सैल सोडलेले दोर सैलच राहिले होते, दवानं जड झालेली रावटी इंचाइंचानं बसत गेली होती, आणि वाऱ्यानं उरलंसुरलं काम केलं होतं. "थांब, बॅटरी कुठाय? उभी करतो परत."

"राहू द्या."

"अगं, असंच?"

"असंच. नाकापुरती फट करा."

त्यानं कापडाची कड उचलून चिऱ्यावर ठेवली. फटीतून थोडं आभाळ दिसत होतं. दमयंती ते बघणार होती, पण त्याआधीच तिला झोप लागली.

"या अल्ला!"

दमयंतीला जाग आली ती ह्या हाकेनं. कापडातून लख्ख पिवळा उजेड येत होता. बाहेर मासूमा किटली घेऊन उभी होती, आणि तिच्या मागून करीमभाई धावत येत होते. त्यांना दिसत होती ती भुईसपाट रावटी आणि तिच्याखालून बाहेर आलेली चार पावलं.

"साहेब! आहात का गेलात?"

"आहोत, आहोत," हरिश्चंद्र कापडाखालून म्हणाला. "हिला उठवू नका. झोपलीय."

"मी जागी आहे," दमयंती म्हणाली, आणि रांगत बाहेर आली. केसात पेंढा, गालावर घोंगडीची वीण उमटलेली. ऊन बागेतल्या कलमांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं होतं. किती वाजले असतील ह्याचा तिनं अंदाज केला आणि तो तिलाच खरा वाटेना.

"तोंड बघा भाभींचं," मासूमा म्हणाली. "आठवड्याची झोप काढलीत जशी."

"आठवड्याची नाही गं," दमयंती म्हणाली. तिनं केसातला पेंढा झटकला.

हरिश्चंद्रनं चहा संपवला. कप खाली ठेवून त्यानं घसा साफ केला. दमयंतीला तो आवाज ठाऊक होता; वरिष्ठांना नावडतं काही सांगायच्या आधी तो असाच घसा साफ करी.

"करीमभाई, तुम्ही आमच्यासाठी फार थांबलात," तो कातळाकडे बघत म्हणाला. "एकदा म्हटलं इथं राहून घ्यावं. झालं तेही. हिचा जीव नातवात आहे. तेव्हा जमिनीचं आता..."

"माझा?" दमयंती म्हणाली.

"मग कोणाचा?"

"मला वाटलं, तुमचा."

करीमभाईंनी बायकोकडे बघितलं. मासूमानं नुसती भुवई वर केली, गप्प बसा अशी.

"माझा आहेच," हरिश्चंद्र हळू म्हणाला. "पण त्या खोलीत... सगळा दिवस घरात बसून... मी म्हटलं, तुला जायचंय तर मी निभावेन."

दमयंतीनं बशी खाली ठेवली. लवू काय म्हणेल ते तिला ऐकू येत होतं, आणि सून फोनवर काहीच म्हणणार नाही तेही. तिच्यापाशी अजूनही कारण नव्हतं. पाठ दुखत नव्हती, एवढंच.

"करीमभाई, माफ करा, जमीन आम्हाला लागेल," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली, कारण खरं वाक्य त्याच्यासाठी होतं.

"अहो, मला डोंबिवलीला राहायला जायचं नाही."