उजवा कान

लाल गादीवर एक लांब केस चिकटला होता. त्याने तो चिमटीत धरला, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला – अर्धा काळा, अर्धा पांढरा, रंग लावायचा कंटाळा करणाऱ्या कुणा बाईचा असावा – आणि मग हेडफोनची ती गादी ओल्या कापसाने पुसून काढली. लाल म्हणजे उजवा कान, निळा म्हणजे डावा. कुठल्याही दवाखान्यात जा, हेच. कान तपासायच्या यंत्रांवर काम करायला लागून त्याला चौदा महिने झाले होते, तरी एखादी गोष्ट सगळीकडे सारखी आहे आणि वर उघडपणे लिहिलेलीही आहे, याचं त्याला अजून अप्रूप वाटायचं. त्याआधी बावीस वर्षं ज्या यंत्रांना त्याने हात लावला, त्यांच्या आतल्या तारांचे रंगसुद्धा बाहेर सांगायची सोय नव्हती.

बावीस वर्षं नौदलात, जहाजाच्या पोटात, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रापाशी. त्या यंत्राला म्हणतात सोनार, आणि लग्न ठरताना त्याने सासूबाईंना इतकंच सांगितलं होतं की मी सोनारच्या दुरुस्तीचं बघतो. सासूबाईंनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं आणि नात्यागोत्यात सांगून टाकलं, जावई नौदलात सोनार आहे. लग्नानंतर पहिल्यांदा तो सासरी गेला, तर शेजारच्या मावशी कानातल्याची बिघडलेली फिरकी घेऊन हजर. नाही कसं म्हणायचं… त्याने बॅगेतली बारीक पक्कड काढली आणि फिरकीचे आटे नीट करून दिले. काम चोख झालं, त्यामुळे गैरसमज कायमचा पक्का झाला. दाराआड बायको तोंडावर हात दाबून हसत होती – ते हसू त्याला ऐकू आलं होतं, दाबलेलं असूनही, बंद दारापलीकडून. असे कान होते त्याचे. जहाजावर यंत्र ठीक आहे की नाही हे मीटर सांगायच्या आधी तो सांगायचा, आणि वरिष्ठ आधी त्याच्याकडे बघायचे, मग काट्याकडे.

नोकरी संपली तेव्हा या कानांचं करायचं काय, हा प्रश्न पडला. मुलीने त्याचा अर्ज लिहायला घेतला. बाबा, तुम्ही नक्की काय करत होतात, असं तिने विचारलं आणि तो अडला. जे सांगता येत होतं ते दोन ओळींत संपलं. बाहेरच्या जगात पाणबुड्या नव्हत्या आणि त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. शेवटी या कंपनीच्या साहेबांनी मुलाखतीत विचारलं, तुम्ही ऐकायचात काय? ते सांगता येणार नाही, तो म्हणाला. साहेब हसले. डॉक्टरांच्या खोल्यांतून फिरणारा माणूस तोंड मिटून राहणारा असलेला बरा, असं म्हणून त्यांनी त्याला घेतलं. पहिले तीन महिने तो दर वाक्याला सर म्हणत होता, चहावाल्यालासुद्धा.

आजचं काम साधं होतं. हेडफोन आधी कृत्रिम कानावर ठेवायचा – धातूची एक वाटी, तिच्या तळाशी माइक – आणि यंत्र जितका आवाज सोडल्याचं दाखवतं तितका खरंच सुटतो का, ते मीटरवर बघायचं. सगळे आकडे जागच्या जागी होते. मग शेवटची पायरी, कागदावरचा शेवटचा रकाना: स्वतःच्या कानाने ऐकून तपासले. हे एरवी बरोबरचा सहकारी करायचा. तो आज रजेवर होता.

आवाज बाहेर न जाणाऱ्या त्या छोट्या खोलीत तो बसला, दार ओढून घेतलं आणि खालच्या सुरापासून वर जायला लागला. डावा कान – घुमणारा, मग शिट्टीसारखा, मग सुईच्या टोकाएवढा. सगळे आले. उजवा कान… घुमणारा आला. शिट्टी आली, जरा दुरून. त्यापुढे काही नाही. त्याने आवाज वाढवला. काही नाही.

हेडफोन गेला, त्याने मनात नोंद केली. पण मीटर म्हणत होता, आवाज आहे. मग त्याने तेच केलं जे त्याला विसाव्या वर्षी शिकवलं होतं: अदलाबदल करा, दोष ज्याच्याबरोबर सरकेल तो दोषी. लाल डाव्या कानाला लावला, निळा उजव्याला. लालमधून तो सुईएवढा सूर स्वच्छ आला. निळा गप्प. त्याने पुन्हा फिरवलं, पुन्हा उलटं केलं… चार वेळा. दोष काही सरकेना. तो त्याच्या डोक्याच्या उजव्या बाजूला ठाण मांडून बसला होता.

काचेपलीकडून कान तपासणारी डॉक्टर त्याच्याकडे बघत होती. त्याच्या मुलीच्या वयाची, त्याला काका म्हणणारी. त्याने कितीही वेळा मॅडम म्हटलं तरी तिचं काका सुटत नव्हतं. तिने दार उघडलं आणि काही न विचारता त्याच्या हातात पेशंटचं बटण दिलं. ऐकू आलं की दाबा, म्हणाली.

दहा मिनिटांनी तिने कागद समोर धरला. निळ्या फुल्या जवळजवळ सरळ रेषेत होत्या. लाल गोळे मात्र मधूनच जिना उतरायला लागले होते.

“काका, हे आजचं नाही. खूप वर्षं मोठ्या आवाजाजवळ होतात का?”

सांगता येणार नाही, असं तोंडावर आलं होतं… आणि मग त्याच्या लक्षात आलं की यात न सांगण्यासारखं काय आहे.

“इंजिन,” तो म्हणाला. “माझ्या बसायच्या जागेच्या उजव्या हाताला भिंत होती. पलीकडे इंजिन.”

एवढं बोलून आपण काहीतरी फोडलं, असं त्याला वाटलं. तिने ते कागदावर टिपून घेतलं. स, श असली अक्षरं निसटतात, म्हणाली, आणि मागून मारलेली हाक. घरी कुणाला जाणवलं असेल.

“आमच्याकडे हाक मारतच नाहीत,” तो जरा अभिमानानेच म्हणाला. आणि तिथेच थांबला.

त्या रकान्यात तिने स्वतः ऐकून सही केली. साहेबांना तुमचं तुम्ही सांगा, मी सांगणार नाही, असंही म्हणाली. त्याने सामान भरलं, जिना उतरला आणि बसथांब्याच्या बाकावर बसला. एक बस गेली, दुसरी गेली. साहेबांना सांगितलं तर ते त्याला गोदामात सुटे भाग मोजायला बसवतील, किंवा बसवणारही नाहीत. पण त्याच्या मनात ते नव्हतंच. मनात होती ती दोन बोटं. तो कायमचा घरी आल्यापासून बायको त्याला लांबून बोलावत नसे. जवळ यायची, कोपराला दोन बोटं लावायची, त्याने मान वळवेपर्यंत थांबायची आणि मग बोलायची. सुट्टीवर यायचा तेव्हा हीच बाई दोन खोल्यांपलीकडून त्याच्या नावाने घर डोक्यावर घ्यायची! त्याला वाटलं होतं, वय झालं, ती मऊ झाली, इतक्या वर्षांची ताटातूट भरून काढतेय. चालताना ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला यायची, तेही त्याने लाडातच जमा केलं होतं. कुणाला बोलला नव्हता, पण त्या दोन बोटांची तो वाट बघायचा, कधी कधी मुद्दाम पाठ करून उभा राहायचा…

मग ती सोय होती तर. मी बावीस वर्षं मैलभर पाण्यापलीकडचं ऐकलं, आणि हातभर अंतरावर माझी बायको माझ्या बहिरेपणाला सांभाळून घेत होती, आणि मी त्याला प्रेम समजून खूश होतो.

तो घरी पोचला तेव्हा ती टेबलापाशी मटार सोलत बसली होती. त्याने पिशवी खाली ठेवली, पण खुर्ची ओढली नाही.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

काय, असं तिने विचारलं नाही. “तुम्ही घरी आलात त्याच महिन्यात. घड्याळाचा गजर वाजत होता आणि तुम्ही शेजारी शांतपणे पेपर वाचत होतात.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने दोन शेंगा सोलल्या. “त्या कानांचं तुम्हाला किती कौतुक होतं, ते मला माहीत नाही का,” ती म्हणाली. मग खालीच बघत, “आधी गरज म्हणून जवळ यायचे. मग मलाच बरं वाटायला लागलं. आता तुमचे कान नीट झाले तरी मी लांबून ओरडणार नाही, सांगून ठेवते.”

त्याने खुर्ची ओढली. ती तिच्या उजव्या बाजूची निघाली, म्हणजे तिच्याकडे डावा कान आला, आणि हे आपोआप झालं की त्याने केलं, ते त्याला कळलं नाही. त्यानेही एक शेंग घेतली. अर्ध्या तासापूर्वी बाकावर केलेला हिशेब आता जुळत नव्हता… सोय कुठे संपली आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे तिलाही सांगता आलं नसतं. अदलाबदल करून बघण्यासारखं इथे काही नव्हतं.

“कोळंबी,” तो म्हणाला.

तिने मान वर केली.

“बहुतेक वेळ आम्ही कोळंबीच ऐकायचो. लाखोंनी असते. वाळक्या काटक्या पेटल्यासारखी तडतड, दिवसरात्र. बाकी काही ऐकायचं तर आधी ती बाजूला सारावी लागायची.” त्याचं त्यालाच नवल वाटलं. यात गुपित काय होतं? गुपितांच्या बरोबर त्याने आणखी किती काय उगाचच बंद करून ठेवलं होतं… थंडीच्या दिवसांत पाण्याचा बदलणारा आवाज, लांबून जाणाऱ्या देवमाशाचं कण्हणं, पहाटे यंत्रापाशी एकटं बसलं की वाटायची ती भीती. यातलं आधी काय सांगावं?

ती काहीतरी म्हणाली. मान खाली, हातातल्या शेंगेकडे बघत, दोनच शब्द, आणि मधलं एक अक्षर विरून गेलं. तो नेहमीसारखा मान डोलावणार होता. मान हललीसुद्धा थोडी.

“नाही ऐकू आलं,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. “परत म्हण.”

तिने हातातली शेंग खाली ठेवली. त्याच्याकडे बघत राहिली. आणि तो, उद्या साहेबांसमोर काय बोलायचं हे अजून ठरलेलं नसताना, दोन्ही हात टेबलावर ठेवून, जरा पुढे झुकून, ती काय म्हणेल याची वाट बघत राहिला.