लेकीचा वशिला

व्हर्ना आणि मी पेनसिल्व्हेनियातल्या एकाच शाळेच्या पिवळ्या बस चालवतो. तिला बावीस वर्षं झाली, मला अठरा. तिची मुलगी सेलेस्ट गावातल्याच थॉर्नबी कॉलेजात शिकली, पण सुखासुखी नाही. आधी तिला प्रतीक्षा यादीत टांगून ठेवलं होतं आणि तिच्याहून कमी मार्कांचा, गावातल्या डॉक्टरांचा मुलगा थेट आत गेला. त्याचे वडील, आजोबा, पणजोबा सगळे थॉर्नबीतच शिकलेले ना, अशांच्या पोरांना तिथे झुकतं माप! ऑगस्टमध्ये एक जागा रिकामी झाली म्हणून पोरीचं नशीब उघडलं.

त्याच थॉर्नबीत एक्कावन्नाव्या वर्षी व्हर्नाने अर्ज करायचं ठरवलं. इतिहास शिकायचा म्हणे.

रविवारी व्हर्ना, सेलेस्ट आणि मी व्हर्नाकडे पिरोगीत, म्हणजे पोलिश करंज्यांत, बटाट्याचं सारण भरत बसलो होतो. अर्जात एक प्रश्न होता : घरातलं कुणी इथे शिकलंय का? व्हर्नाने पिठाच्या हातानेच लॅपटॉप ओढला आणि सेलेस्टचं नाव टाकलं.

"आई, ते आईवडिलांसाठी असतं गं!"

"असं कुठे लिहिलंय? तू काय माझ्या घरातली नाहीस?"

"हसतील लोक."

"हसू देत. डॉक्टरच्या पोराला आजोबा होते, मला तू आहेस. वशिला तो वशिला."

मी इतकी हसले, की हातातली पिरोगी फुटली.

मार्चमध्ये फोन आला तेव्हा व्हर्ना शाळेच्या बस डेपोत तिची बस झाडत होती. मी पायरीवर उभी. तिने फोन स्पीकरवर टाकला. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, "अभिनंदन, तुम्हाला प्रवेश मिळालाय."

व्हर्नाने मला डोळा मारला. "मुलीमुळे ना?"

"नाही हो. यंदापासून आम्ही कुणाचंच नातं धरत नाही. तो प्रश्न अर्जातून काढायचा राहून गेला, एवढंच. तुम्हाला घेतलं ते तुमच्या निबंधावर. तुमच्या बसच्या एकेका थांब्यावर पूर्वी काय होतं ते लिहिलंय ना, ते आम्ही समितीत मोठ्याने वाचलं. दोनदा."

फोन ठेवल्यावर झाडू तसाच टाकून व्हर्ना ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली आणि तिने हॉर्न दाबला तो सोडेचना. मीही ओरडून सगळ्यांना बातमी सांगत माझ्या बसकडे पळाले. मग बाकीच्या ड्रायव्हरांनीही आपापले हॉर्न दाबले. चौदा बस कोकलत होत्या आणि त्या गोंगाटात व्हर्ना फोनवर लेकीला ओरडून सांगत होती, "सेलेस्ट, तुझा काडीचाही उपयोग झाला नाही गं!"

हॉर्न थांबवून मी तिच्याकडे परतले तेव्हा स्पीकरवर सेलेस्टच्या हसण्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा. "आई, आता रोज अभ्यास करावा लागेल हं. टाळाटाळ चालणार नाही."

आता सकाळची फेरी झाली की व्हर्ना गाडी काढून वर्गात जाते. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी गावातला पोलादाचा कारखाना बंद पडल्याचं साल फळ्यावर लिहिलं. व्हर्नाने हात वर केला. "सर, दोन वर्षं चुकलं. माझे बाबा तेव्हा भट्टीवरच होते."

सरांनी डस्टर उचललं.