कुट्टीतलं कण्हेरीचं पान

कण्हेरीचा खड्डा रिकामा होता.

परवा तुंगार्लीतल्या एका बंगल्याचं कुंपण कापलं होतं आणि त्याच्या टोकाला पुरुषभर उंच कण्हेर होती. कण्हेरीचा भारा वेगळा बांधायचा, त्यावर लाल फडकं लावायचं आणि कुरवंड्याच्या शेडमागे झाकणाच्या खड्ड्यात टाकायचा, हा बंगल्यांची कुंपणं छाटायचा धंदा सुरू केल्यापासूनचा राजेश्वरीचा नियम. बाकीचा पाला, म्हणजे मेंदी, जास्वंद, अकॅलिफा, कडबाकुट्टीच्या मशीनमधून बारीक होऊन आंदर मावळात जाई. तिथली माणसं भाताच्या रोपासाठी राब भाजायला, म्हणजे रोपाच्या जागेवर फांद्या-पाला जाळायला, रानातली झाडं खांडत. आता काही घरांनी भाजणं सोडलं होतं. ती हीच कुट्टी रोपाच्या जागेवर अंथरत, वर शेणाचा थर देत आणि पावसापर्यंत कुजू देत. लोणावळ्यात बहुतेक जण कापलेला पाला रस्त्याकडेला पेटवून मोकळे होत. राजेश्वरीच्या पाल्याला काडी लागत नसे.

काल ती शेडवर नव्हती. आज खड्ड्याच्या झाकणावर जुनी धूळ तशीच होती.

ती मशीनपाशी गेली. पात्यांखाली अडकलेला चुरा काढून तिने तळहातावर पसरला. त्यात एक तुकडा जाड, चामड्यासारखा होता. मधली शीर पांढुरकी आणि तिच्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक शिरा एकमेकींना समांतर, विंचरलेल्या केसांसारख्या. मेंदीचं पान असं नसतं.

इब्राहिमभाई टेम्पोची काच पुसत होते. टेम्पो त्यांचा आणि धंद्यात निम्मा वाटाही त्यांचा. लाल फडक्याचा भारा कुठे उतरवला, असं तिने विचारलं. तसा भारा नव्हताच, ते म्हणाले. मग दोघांचीही नजर टेम्पोच्या मागच्या बाजूला गेली. फडकं तिथे लटकत होतं.

सिल्व्हर ओकच्या फांद्या हौद्याबाहेर आल्या होत्या. हायवेला पोलीस अडवतात, म्हणून इब्राहिमभाईंनी हाताशी आलेलं, कण्हेरीच्या भाऱ्यावरचं लाल फडकं सोडून फांद्यांच्या टोकाला बांधलं होतं. भारा बिनखुणेचा राहिला, मशीनवर गेला आणि पोत्यांत भरला. ती पोती कालच आंदर मावळातल्या मुक्ताबाईंच्या शेतावर उतरली होती.

मुक्ताबाईंचा फोन लागेना. त्यांच्या बाजूला डोंगराआड रेंज नसतेच.

दोघं तसेच टेम्पोत बसून निघाले. राजेश्वरीला माहीत होतं की ओली कण्हेर कडू लागते, जनावर तिला तोंड लावत नाही. सुकली की कडूपणा कमी होतो, विष मात्र राहतं आणि ते काळजाचे ठोके बिघडवतं. भात निघाल्यापासून पेरणीपर्यंत मावळात गुरं मोकळीच चरतात. सुकलेली कुट्टी उघड्या रानात पसरलेली असेल, तर ती त्यांच्यासाठी चाराच.

कान्हे फाट्याला फाटक बंद होतं. मालगाडी जाता जात नव्हती. इब्राहिमभाईंनी इंजिन बंद केलं, लगेच पुन्हा चालू केलं. ते म्हणाले, एका गावात हे कळलं की पाचही गावं आपली पोती घेणं बंद करतील. मग आपणही पाला पेटवायचा का?

"गुरं धड असली तर सांगायचं कशाला, ताई? दुसऱ्याची पोती चुकून आली म्हणू, भरू आणि निघू."

"आधी पोचू," ती म्हणाली.

मुक्ताबाईंचं शेत ओढ्याच्या वरच्या अंगाला. रोपाच्या जागेवर कुट्टी पसरून झाली होती, शेण अजून टाकायचं होतं. मधोमध एक तांबडी गाय मान खाली घालून उभी होती.

इब्राहिमभाईंनी टेम्पोतून उडी टाकली आणि हाळी द्यायला तोंडाशी हात नेला. राजेश्वरीने त्यांचा दंड धरला.

"ओरडू नका. पळाली तर तिथंच कोसळेल."

दोघं दोन बाजूंनी सावकाश गेले आणि गाईला बांधावर घेऊन आले. ती उभी होती तिथे कुट्टी चाटून साफ झाली होती, खालची माती दिसत होती.

शेणाची पाटी घेऊन मुक्ताबाई घराकडून आल्या. त्यांना गंमत वाटली. "खाऊ दे की गं. कुट्टीच हाय न्हवं? गाईला भेताय व्हय, लोनावळ्याची मानसं?"

इब्राहिमभाई राजेश्वरीकडे बघत राहिले. पोती चुकून आली, हे त्यांचं वाक्य तयार होतं. पण ते बोललं, तर गुरांच्या डॉक्टरला काय सांगणार? राजेश्वरीच पुढे झाली.

"मावशी, यात कण्हेर आहे. आमच्या चुकीनं आली."

मुक्ताबाईंनी पाटी खाली ठेवली. "म्हादेवाला वाहतो ती?"

"तीच. पान विषारी असतं. हिनं किती खाल्लं?"

"मला काय ठावं. मी भाकरी थापत व्हते."

रेंज मिळेल तिथून डॉक्टरला फोन करायला इब्राहिमभाई टेम्पो घेऊन खिंडीकडे गेले. दोघी बायकांनी गाईला पावलापावलाने आंब्याखाली नेलं. राजेश्वरीने शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने बोटं टेकवली. तिथे नाडी लागते. ठोका, ठोका, मग काहीच नाही. मग दोन ठोके घाईने एकावर एक. मुक्ताबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. राजेश्वरीने चेहरा हलू दिला नाही, पण खोटा धीरही दिला नाही. नाडी चुकतेय, एवढंच सांगितलं.

शेजारचा सोपान चौकशीला आला. "भाजत व्हतो त्येच बरं व्हतं," म्हणाला आणि घरी जाऊन त्याने आपली न उघडलेली दोन पोती एकेक करून बांधावर आणून ठेवली.

इब्राहिमभाई परतले. डॉक्टर निघाले होते, टाकव्याहून येत होते. इब्राहिमभाई टोपी काढून मुक्ताबाईंसमोर उभे राहिले.

"कण्हेरीच्या भाऱ्याचं खुणेचं फडकं मी सोडलं, मावशी. ताईंचा त्यात हात नाही."

"मग खराटा घे हातात," मुक्ताबाई म्हणाल्या. "बाकीची गुरं वढ्यावर हायती. उनं उतरली की येत्यात."

त्यांनी खराट्याने लोटलं, मग गुडघ्यावर बसून हाताने वेचलं. ढेकळांच्या फटीत बसलेला चुरासुद्धा निघाला पाहिजे होता. सोपानही वेचायला बसला. शेवटचं पोतं शिवलं तेव्हा ओढ्याकडून घंटांचे आवाज येऊ लागले होते. गुरं रोपाच्या उघड्या जागेवरून हुंगत पुढे गेली.

डॉक्टरांनी नळीने विष शोषून घेणारं कोळशाचं पाणी पाजलं, एक इंजेक्शन दिलं आणि बराच वेळ छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. विषाचं नाव कळलं म्हणून बरं झालं, म्हणाले. पोट बिघडलंय समजून भलतंच दिलं असतं. आज हलवायची नाही, उद्या सकाळी परत बघतो.

डॉक्टर गेल्यावर कोणी उठलं नाही. झाडाची सावली लांबली. गाय पाय रोवून उभी होती. मग तिचा खालचा जबडा एकदा बाजूला सरकला, थांबला, पुन्हा सरकला. ती रवंथ करू लागली होती.

मुक्ताबाई त्या जबड्याकडे बघत राहिल्या. राजेश्वरीकडे न बघताच म्हणाल्या, "म्होरल्या खेपंला पोती आनायची न्हाईत. आख्खा पाला आन. मी बगीन, मग हितंच कुट्टी करायची."

"मशीन जड आहे, मावशी," इब्राहिमभाई म्हणाले.

"टेंपोत चढतंय का न्हाई?"

"चढतं."

"मग झालं तर."

सोपानचं काय, असं राजेश्वरीने हळूच विचारलं. त्याचं तो बघेल, मुक्ताबाई म्हणाल्या. त्या घरात गेल्या नाहीत. राजेश्वरीने पुन्हा शेपटीखाली बोटं टेकवली आणि चुकणाऱ्या ठोक्याची वाट बघत बसली.