‘इतर’च्या खोक्यातली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. रेकॉर्ड म्हणालात तरी चालेल, पण ताटली म्हणू नका. एका पाहुण्यांनी माझ्यावर बिस्किटं मांडली होती, ते मी अजून विसरलेले नाही.

कारखान्यात गरम काळ्या गोळ्याला दोन साच्यांत दाबलं आणि माझा जन्म झाला. माझ्या अंगावर चार मित्रांची गाणी आहेत. त्यांतल्या तिघांना वाजवता येत होतं; चौथा गात होता. दुकानात शास्त्रीय, प्रेमगीतं, बालगीतं असे कप्पे होते. मी कशातच बसेना. शेवटी दुकानदारकाकांनी मला जमिनीवरच्या खोक्यात टाकलं आणि वर लिहिलं, ‘इतर’. तिथे मी भरपूर धूळ खाल्ली.

एके दिवशी एक दहावीतली मुलगी आली आणि थेट त्या खोक्यापाशी फतकल मारून बसली. तिने मला कडांना धरून उचललं, दुकानातल्या यंत्रावर लावलं आणि ऐकतच राहिली.

“काका, असलं काही असतं हे मला कुणी सांगितलंच नाही!”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का?” काका म्हणाले.

साठवलेल्या खाऊच्या पैशांतून तिने घेतलेली पहिली रेकॉर्ड मी. मला काय मिरवावंसं वाटलं म्हणून सांगू!

घरी मात्र वडील वकील. माझी पहिली बाजू त्यांनी दातओठ खाऊन सोसली.

“हे काय आहे?”

“पर्यायी संगीत, बाबा.”

“म्हणजे संगीताऐवजी हे. बरोबर आहे. उद्या परत देऊन ये.”

मुलीचे डोळे भरले. माझ्यापुढे पुन्हा ते खोकं उभं राहिलं. तेवढ्यात भाजी निवडता निवडता आत्या म्हणाली, “दादा, दुसरी बाजू न ऐकताच निकाल?”

जन्मभर कोर्टात वडिलांनी हेच वाक्य इतरांना ऐकवलं होतं. त्यांनी स्वतः मला उलटवलं. दुसरी बाजू त्यांना पहिलीपेक्षाही वाईट वाटली. पण स्वयंपाकघरातून आईचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. साक्षीदार फितूर झालेला पाहून त्यांनी चष्मा पुसला.

“पुढच्या रविवारी पुन्हा ऐकू. तोवर जैसे थे.”

मित्रांनो, कोर्टाची कामं तुम्हाला ठाऊक नसतील. तो खटला अजून चालू आहे. मधे घरात नवी यंत्रं आली, मी खिडकीत विसरले गेले आणि उन्हाने जराशी वाकले. मुलगी मोठी झाली; तिच्याकडे माझ्या जातभाईंची भिंत उभी राहिली. वडील निवृत्त झाले. रविवारचा चहा झाला की ते हाक मारतात, “आण गं ती रेकॉर्ड, निकाल द्यायचाय.” मग दोन्ही बाजू ऐकतात, खुर्चीच्या हातावर बोटं वाजवतात आणि पुढची तारीख देतात.

मागणं एवढंच, मित्रांनो. आम्हाला कडांना धरा, मऊ फडक्याने पुसा, उन्हापासून दूर उभं ठेवा. आणि घरात ताईने, दादाने काही विचित्र लावलं, तर कानांवर हात ठेवून पळू नका. शेजारी बसा. आवडलंच पाहिजे असं काही नाही. वडिलांनाही मी अजून आवडलेले नाही.

निदान ते तसं म्हणतात.