चाळीसचा दिवा

मित्रांनो, माझी निळी टोपी एका बाजूनं करपलेली का, असं मला बघणारा प्रत्येक जण विचारतो. तीच गोष्ट आज सांगतो.

मी एक जुना टांगता दिवा आहे. कारखान्यातल्या साच्यातून माझी प्लास्टिकची टोपी निघाली, तेव्हाच तिच्या आतल्या अंगावर एक आकडा उमटवला होता: चाळीस वॅट. त्याहून मोठा बल्ब मला सोसायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण टोपीच्या आत कोण डोकावतो!

१९९४ साली कोऱ्हाळे बुद्रुकच्या साखरबाईंनी मला आपल्या शिलाई मशीनच्या वर टांगलं. सगळी आळी ब्लाऊज शिवून घ्यायला त्यांच्याकडे यायची. "दिवा लई झ्याक हाय, साखरबाई," असं बाया म्हणायच्या आणि मला बरं वाटायचं.

संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या, की वीज मंद व्हायची. साखरबाईंना सुईत दोरा ओवता येईना. मग त्यांचे यजमान दादासो यांनी शंभरचा बल्ब आणून बसवला. उजेड वाढला, पण माझं अंग तापू लागलं. होल्डरला बारीक चीर गेली. मी सोसत राहिलो.

आळीतल्या वैष्णवीचं लग्न तोंडावर आलं होतं. तिच्या शालूवरचा ब्लाऊज मशीनवर होता. त्या दिवशी मोटारींची वीज बंद होती, म्हणून घरात दिवा कधी नव्हे एवढा प्रखर पेटला. माझी टोपी एका बाजूनं मऊ झाली, काळवंडली आणि तिचा एक कढत थेंब खाली, ब्लाऊजच्या शेजारी पडला.

साखरबाईंनी आधी बटण बंद केलं, मग कपडा ओढून घेतला. "आवं, पळा! दिवा जळतोय!"

दादासो धावत आले. "वरीसभर हाच बलप हाय की. आजच काय झालं?"

"ते बघितल्याबिगर म्या मशीनवर बसायची न्हाय," त्या म्हणाल्या.

मी गार झाल्यावर त्यांनी मला खाली उतरवलं आणि टोपीच्या आत पाहिलं. मापाच्या टेपवरचे आकडे रोज वाचायची त्यांना सवय होती. टोपीवर चाळीस, बल्बच्या डोक्यावर शंभर. त्यांनी शंभरचा बल्ब काढून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून त्या बारामतीला केशवशेठच्या विजेच्या दुकानात गेल्या. शेठनं चिरलेला होल्डर आणि कडक झालेली वायर बदलून दिली.

"साठचा न्या, काकू. चालतंय, समदी नेत्यात."

"समदी नेऊ द्या. ह्येच्यावर चाळीस लिवलंय, मला चाळीसच पायजे."

"मंग उजेड कमी पडंल."

"त्ये माझं मी बघते," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी दादासोंना माझी वायर लांब सोडायला लावली. मी आढ्यावरून खाली आलो, सुईपासून हातभर अंतरावर. चाळीसच्याच उजेडात टाका न् टाका स्पष्ट दिसू लागला. वैष्णवी लग्नात तोच ब्लाऊज घालून उभी राहिली.

त्यानंतर साखरबाई ज्या घरी मापं घ्यायला जात, तिथं आधी दिवा बंद करून टोपीत डोकावत. लोक हसायचे. त्या बल्ब बदलायला लावूनच उठत.

पुढं घरात ट्यूबलाइट आली आणि मला माळ्यावर ठेवलं. बरीच वर्षं मी धुळीत पडून होतो, आता कुठं मला पुन्हा खाली काढलंय. त्याचा राग नाही मला. जळून गेलो असतो तर माळाही नशिबी नव्हता.

मित्रांनो, घरात बल्ब बदलायचा असेल, तेव्हा मोठ्या माणसांना बटण बंद करायला सांगा, दिवा गार होऊ द्या आणि आतला आकडा त्यांच्याकडून वाचून घ्या. बल्ब त्याच्याएवढा किंवा त्याहून लहान असू द्या. आकडा सापडला नाही, तर जाणत्याला विचारा. उजेड कमी पडला तर दिवा जवळ आणा. आम्हा दिव्यांत जो बल्ब बसवाल, तो आम्ही पेटवतो. आम्हाला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हीच म्हणायचं असतं.