पॉलिश पेपरची अक्षरं

पेंटरांनी स्वयंपाकघरातली कात्री सदऱ्याच्या आत लपवली, गॅलरीचं दार पायानं लोटलं आणि पॉलिश पेपरचा ताव पालथा करून मांडीवर घेतला. खरखरीत कागद कापून झाल्यावर कात्री पुन्हा दुधाच्या पिशव्या कापील की नाही, ही काळजी त्यांनी बायकोवर सोपवली.

चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. नातीचे ते आबा; बाकी घरात सगळे त्यांना पेंटरच म्हणत. बायकोसुद्धा, फक्त पुढे ‘अहो’ लावून. एवढा अक्षराचा माणूस घरात असताना पाच वर्षांच्या नातीनं अक्षर शिकावं कोणाकडे? तर सुनेच्या आईकडे. विहीणबाई पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. त्या बालवाडीत बाई होत्या. आता निवृत्त होत्या, पण ही बातमी त्यांना कोणी नीट कळवलेली दिसत नव्हती.

खरं तर पहिला मान पेंटरांनाच मिळाला होता. त्यांनी नातीच्या हातात ब्रश दिला आणि “आधी रेघ मार, मग अक्षर तिला टांग,” हे धंद्यातलं मर्म एका वाक्यात सांगून टाकलं. नातीनं रेघ मारली. ती भिंतीवरून फ्रिजवर आणि फ्रिजवरून मांजरावर गेली. मग विहीणबाईंनी ताटात रवा पसरला. बोटांना पकड यावी म्हणून कपड्यांचे चिमटे लावायला-काढायला दिले. कणकेच्या वळ्या करून त्यांचा ग वळला. आणि पायाला भिंगरी लागलेली म्हणून जिचं नावच भिंगरी पडलं होतं, ती पोरगी तासभर मांडी घालून बसली! वर त्यांना ‘बाईआजी’ म्हणायला लागली.

पेंटर पलीकडे पेपर वाचत बसायचे. तीन दिवस एकच बातमी वाचत होते.

पोरीनं लिहिलेला पहिला शब्द ‘आबा’ असावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पण विहीणबाईंचा डाव ‘बाई’चा आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. काल रव्यात ब उमटला होता. ब दोन्ही पक्षांना लागतो, म्हणून त्यांनी तूर्त हरकत घेतली नव्हती.

आज सकाळी मात्र विहीणबाई बोलून गेल्या, “खरखरीत अक्षरं हवी होती. बोट फिरवलं की वळण हातात बसतं. माझी शाळेतच राहिली.”

खरखरीत! पेंटरांच्या कपाटात पॉलिश पेपरचा गठ्ठाच होता.

चार वाजता चहाच्या वेळी त्यांनी बारा पुठ्ठे टेबलावर मांडले आणि वरचं फडकं, दुकानाचं उद्घाटन असावं तसं, ओढलं.

बायकोनं एक पुठ्ठा उचलला आणि दोनदा फिरवून पाहिला.

“अहो पेंटर,” बायको म्हणाली, “हे आरशात बघून वाचायचं का?”

खरखरीत बाजूवर पेन्सिल उठत नाही, म्हणून त्यांनी कागदाच्या गुळगुळीत पाठीवर अक्षरं आखली होती, तशीच कापली होती आणि खरखर वर ठेवून चिकटवली होती. बारांपैकी एकटा ठ तेवढा दोन्हीकडून शहाणा निघाला. बाकी अकरा उलटी. दुकानांच्या काचा आतल्या बाजूनं रंगवण्यात, म्हणजे उलटं लिहिण्यात, ज्यांची हयात गेली त्यांची ही कमाई. पेंटरांचे कान लाल झाले.

विहीणबाईंनी कणकेचा गोळा थापला, उलटा ग त्यावर दाबला आणि उचलला. कणकेत खरखरीत, सुलटा ग उमटला होता.

“मीच सांगितलं होतं त्यांना,” त्या म्हणाल्या. “ठसे उलटेच करायचे असतात.”

“असं होय,” पेंटरांची बायको म्हणाली आणि बिनसाखरेचा चहा ढवळत राहिली.

“आबांचे ठसे!” भिंगरी ओरडली आणि आबांच्या मांडीवर चढली.

पेंटर जिंकले. ते जिंकणं त्यांना रात्रभर टोचलं. आजवर निदान बाईंचा मनसोक्त हेवा करता येत होता. आता तोही चोरून करावा लागणार.

सकाळी ते नवा ताव घेऊन बसले. विहीणबाई समोर येऊन बसल्या.

“काल खोटं का बोललात?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तीस वर्षं बालवाडीत काढली, व्याही. रोज कोणीतरी रडवेलं झालेलं असायचंच.”

पेंटरांनी पेन्सिल उचलली आणि ब आखायला घेतला.

“ब चं पोट फार सुटलंय,” विहीणबाई म्हणाल्या.

“पाटीवर असंच शोभतं.”

“पोरीला दुकान काढायचंय का?”

“मग तुम्ही आखा. मी कापतो.”

“आबा, बघा ना,” भिंगरी म्हणाली.

“थांब गं जरा.”

“बाईआजी, बघ ना!”

“हो राणी, एवढा ब होऊ दे.”

एका ब चे तीन ब झाले. पोट किती असावं, यावर दोघांचे आवाज चढले. भिंगरीनं रव्याचं ताट वाजवून पाहिलं, चिमटे उधळून पाहिले. मग ती गप्प झाली, आणि तेही दोघांच्या लक्षात आलं नाही.

“भांडून झालं असेल तर खाली बघा,” पेंटरांची बायको दारातून म्हणाली.

फरशीवर खडूनं, हातभर उंच, एका बाजूला कललेलं, पण सुलटं लिहिलेलं होतं: मी.

म तर अजून शिकवणीत आलाच नव्हता.

“कोणी शिकवलं हे?” दोघांनी एकदमच विचारलं.

“कोणी नाही,” भिंगरी म्हणाली आणि फुगून भिंतीकडे तोंड करून बसली.

पेंटरांनी संशयानं विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई आधीपासूनच त्यांच्याकडे तसंच पाहत होत्या.